उभा प्रेक्षक आणि त्याचा कठडा

खेळाचा इतिहास म्हटला म्हणजे तो खेळणारांचाच असावयाचा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. कोणीं किती गोल केले, कोणत्या संघानें कितीदां चषक जिंकला, याच्या याद्या हौशी लोकांच्या जिव्हाग्रीं असतात. परंतु खेळ पाहणारांचाहि एक इतिहास आहे. आणि ब्रिटनमधील फुटबॉलपुरतें बोलावयाचें तर तो खेळणारांच्या इतिहासाहून अधिक गंभीर आहे. त्यांतील एक प्रश्न वरवर पाहतां अगदीं क्षुल्लक वाटेल. प्रेक्षकानें सामना बसून पाहावा कीं उभ्यानें? या एवढ्याशा प्रश्नावर न्यायमूर्तींनीं अहवाल लिहिले, पार्लमेंटांत वाद झाले, कायदे झाले. इंग्लंडांतील मोठ्या क्लबांच्या मैदानांवर जें उभें राहणें १९९४ सालीं बंद झालें, तें २०२२ सालीं नव्या रूपानें पुन्हा सुरू झालें. असें कां व्हावें, हें समजून घ्यावयाचें तर शंभर-सव्वाशें वर्षें मागें जावें लागतें.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्लंडांतील गिरण्यांतून व कारखान्यांतून शनिवारीं दुपारीं सुटी मिळूं लागली आणि कामकरी वर्गाला फुटबॉल हा आपला खेळ सांपडला. १८८८ सालीं फुटबॉल लीगची स्थापना झाली, तेव्हां तिच्यांतील बाराहि क्लब लँकेशायर व मिडलंड्स या औद्योगिक मुलखांतले होते. सामना पाहावयास येणाऱ्या पैसेवाल्यांसाठीं छपराखालीं बाकें असत. बाकीच्यांनीं मैदानाभोंवतीं घातलेल्या राखमातीच्या चढावर उभें राहावयाचें. उभ्या माणसाला जागा थोडी लागते व त्याला खुर्ची द्यावी लागत नाहीं. म्हणून क्लबाला तो स्वस्तांत पडे, आणि तिकिटाचा दर कमी म्हणून खेळ त्यालाहि परवडे. पुढें या चढांवर पायऱ्या बांधण्यांत आल्या. आपल्याकडे टेरेस म्हणजे घरावरची गच्ची. इंग्लंडांतील फुटबॉलच्या भाषेंत टेरेस म्हणजे उभ्या प्रेक्षकांच्या या पायऱ्या.

पहिला मोठा घात झाला तो ग्लासगो येथील आयब्रॉक्स मैदानावर, ५ एप्रिल १९०२ रोजीं. स्कॉटलंड व इंग्लंड यांचा सामना चालू होता. पश्चिमेकडील उंच टेरेस लोखंडी सांगाड्यावर लांकडी फळ्या ठोकून उभारलेला होता. त्या फळ्या तुटल्या आणि शेंकडों माणसें सुमारें चाळीस फूट खालीं गेलीं. २५ जण मृत्यु पावले व पांचशेंहून अधिक जखमी झाले. या मैदानाची आंखणी आर्चिबाल्ड लीच या ग्लासगोच्याच इंजिनिअरनें केली होती. लीच त्या आघातानें खचला, परंतु त्यानें हा व्यवसाय सोडला नाहीं. पोकळ सांगाड्याऐवजीं भरीव मातीचा चढ घालावा, आणि त्यावर ठिकठिकाणीं लोखंडी नळ्यांचे आडवे कठडे रोवावे, म्हणजे वरून आलेला माणसांचा लोट त्यांवर अडून फुटेल, असा त्याचा नवा विचार होता. या कठड्याचें त्यानें पेटंटहि घेतलें. पुढें मँचेस्टरचें ओल्ड ट्रॅफर्ड, लिव्हरपूलचें अॅनफील्ड अशीं अनेक मैदानें त्याच्या हातून घडलीं. उभ्या प्रेक्षकाचें रक्षण कठड्यानें करावें ही कल्पना एवढी जुनी आहे.

अॅनफील्डवरील मोठ्या टेरेसचें नांव ऐकून हिंदी माणसास थोडें आश्चर्य वाटेल. हा चढ १९०६ सालीं बांधला गेला आणि एका स्थानिक पत्रकारानें सुचविल्यावरून त्याला ‘स्पिऑन कॉप’ हें नांव मिळालें. स्पिऑन कॉप ही दक्षिण आफ्रिकेंतील नाताळ प्रांतांतली एक टेकडी. १९०० च्या जानेवारींत बोअर युद्धांत तिच्यावर इंग्रजांचा मोठा पराभव झाला व लँकेशायरचे पुष्कळ शिपाई तेथें कामास आले. त्याच लढाईंत जखमी इंग्रज सैनिकांना डोल्यांतून वाहून नेण्याचें काम सुमारें अकराशें हिंदी लोकांच्या शुश्रूषापथकानें केलें, आणि त्या पथकाचे पुढारी होते मोहनदास करमचंद गांधी. पडलेल्या तरुणांची आठवण म्हणून ठेवलेलें तें नांव आखडून पुढें नुसतें ‘कॉप’ झालें. १९२८ सालीं त्यावर छप्पर आलें, आणि १९६० नंतर तेथें उभे राहणारे पंचवीस-तीस हजार लोक एका सुरांत गाऊं लागले तेव्हां त्यांची कीर्ति युरोपभर पसरली.

परंतु गर्दीचा स्वभाव कसा असतो, हें नीट पाहिलें पाहिजे. चेंडू गोलाजवळ आला कीं मागचा माणूस पुढें वांकतो, त्याचा भार पुढच्यावर येतो आणि सगळा चढ धान्याच्या राशीप्रमाणें खालीं सरकतो. गोल झाला कीं तो लोट पुन्हा मागें येतो. माणसें बेताचीं असलीं तर यांत मौजच वाटे. परंतु तीं प्रमाणाबाहेर झालीं, कठडे एकमेकांपासून दूर असले आणि पुढें सरकावयास वाव नसला, तर तोच लोट प्राणघातक होतो. अशा वेळीं पायदळीं तुडविल्याशिवायहि माणूस मरतो. श्वास घेण्यासाठीं छाती फुगावी लागते, आणि चारी बाजूंनीं दाब आला कीं ती फुगत नाहीं. तो उभ्याउभ्याच गुदमरतो.

ही गोष्ट कळावयास पुरावा थोडा नव्हता. १९२३ सालीं लंडनच्या नव्या वेंब्ली मैदानावर पहिला अंतिम सामना झाला. प्रेक्षकांची अधिकृत संख्या १,२६,०४७ असली तरी प्रत्यक्षांत लोक त्याहून कितीतरी अधिक होते. ते थेट मैदानांत उतरले. एका पांढऱ्या घोड्यावरील पोलिस शिपायानें व त्याच्या सोबत्यांनीं त्यांना हळूहळू मागें सारलें, तेव्हां खेळ सुरू झाला. मैदानाभोंवतीं उंच कुंपण नव्हतें म्हणूनच त्या दिवशीं अनर्थ टळला. परंतु लोकांच्या ध्यानांत राहिला तो घोडा. चौकशी समिति नेमली गेली, १९२४ सालीं अहवाल आला व तो तसाच राहिला. ९ मार्च १९४६ रोजीं बोल्टनच्या बर्न्डन पार्क मैदानावर सुमारें पंचाऐशीं हजारांच्या गर्दींत कठडे मोडले आणि ३३ जण चेंगरून मेले. प्रेतें कडेला झांकून ठेवून सामना पुरा करण्यांत आला. मैदानांना परवाना लागावा असें त्या वेळच्या अहवालानें सांगितलें. तेंहि कागदावरच राहिलें. २ जानेवारी १९७१ रोजीं आयब्रॉक्सवर, सामना संपून लोक बाहेर पडत असतां, एका जिन्यावर ६६ माणसें मृत्यु पावलीं, तेव्हां कोठें १९७५ सालीं क्रीडांगणांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. अपघात, अहवाल आणि विस्मरण, असा हा क्रम पन्नास वर्षें चालला होता.

इतक्यांत दुसरीच एक आपत्ति उभी राहिली. १९७० नंतर कांहीं क्लबांच्या मागें दांडगाई करणाऱ्या तरुणांच्या टोळ्या फिरूं लागल्या. मारामाऱ्या, दगडफेक व मैदानांत धांवून जाणें हें नित्याचें झालें. त्यावर उपाय म्हणून टेरेसपुढें लोखंडी जाळ्यांचीं उंच कुंपणें बांधण्यांत आलीं आणि आंतील जागेचे जाळ्यांनीं भाग पाडून अक्षरशः कोंडवाडे करण्यांत आले. लंडनच्या चेल्सी क्लबानें तर १९८५ सालीं कुंपणावर विजेच्या तारा लावल्या. त्यांत प्रवाह सोडण्यास अधिकाऱ्यांनीं परवानगी नाकारली एवढेंच. सांभाळावयाचा पाहुणा ही प्रेक्षकाविषयींची दृष्टि जाऊन बंदोबस्तांत ठेवावयाचा संशयित ही दृष्टि आली.

याच १९८५ च्या मे महिन्यांत दोन घटना घडल्या आणि दोहोंचा अर्थ लोकांनीं निरनिराळा घेतला. २९ तारखेला ब्रसेल्सच्या हायझेल मैदानावर लिव्हरपूलच्या समर्थकांच्या चालीमुळें पळणारे लोक एका भिंतीशीं दाबले जाऊन ३९ जण, बहुतेक इटालियन, मृत्यु पावले. तिची चर्चा जगभर झाली आणि इंग्लंडांत कुंपणवाल्यांचा पक्ष बळकट झाला. परंतु त्याआधीं ११ तारखेला ब्रॅडफर्ड येथें जुन्या लांकडी स्टँडला आग लागून ५६ लोक मरण पावले होते. हा स्टँड मुख्यतः बसणारांचा होता. पाठीमागचे कित्येक दरवाजे बंद होते, आणि त्या वाटेनें गेलेले पुष्कळ लोक तेथेंच सांपडले. परंतु स्टँडच्या पुढें जाळीचें कुंपण नव्हतें. म्हणून हजारों माणसें मैदानांत उड्या टाकून वांचलीं. केवळ बसल्यानें माणूस सुरक्षित होत नाहीं, आणि कुंपण नसल्यानें तो वांचूं शकतो, हे दोन्ही धडे ब्रॅडफर्डनें एकाच दुपारीं शिकविले. ते घेतले मात्र गेले नाहींत.

त्याची किंमत १५ एप्रिल १९८९ रोजीं शेफील्ड शहरांतील हिल्सबरो मैदानावर द्यावी लागली. लिव्हरपूल व नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा एफ. ए. कपाचा उपान्त्य सामना होता. लिव्हरपूलच्या लोकांना लेपिंग्ज लेन बाजूचा टेरेस मिळाला होता. १९८१ सालीं याच टेरेसवर चेंगराचेंगरी होऊन ३८ जण जखमी झाले होते. तिच्यानंतर तेथें आडव्या जाळ्या घालून निरनिराळे कोंडवाडे करण्यांत आले. मैदानाचें सुरक्षितता-प्रमाणपत्र १९७९ चें होतें. पुढें इतके फेरफार झाले तरी तें बदललें नव्हतें. मधल्या दोन कोंडवाड्यांत २,२०० माणसें मावतील असें धरलेलें होतें; वास्तविक तेथें सोळा-सतराशेंपेक्षां अधिकांची सोय नव्हती.

त्या दिवशीं या टेरेसचीं तिकिटें १०,१०० लोकांजवळ होतीं आणि त्यांच्यासाठीं फिरतीं फाटकें होतीं अवघीं सात. अडीचच्या सुमारास बाहेर गर्दी कोंडूं लागली. तीनला आठ मिनिटें असतां पोलिसांनीं एक मोठा दरवाजा उघडविला. आंत शिरतांच समोर दिसणारा बोगदा मधल्या कोंडवाड्यांकडे जात होता. ते आधींच भरले होते. कडेच्या कोंडवाड्यांत जागा मोकळी होती. बोगद्याचें तोंड बंद करून लोकांना बाजूला वळवावें, ही आज्ञा कोणींच दिली नाहीं. दोन हजारांवर माणसें त्या अरुंद उतारावरून आंत गेलीं. पुढें जाळी, मागून लोट. एक जुना कठडा मोडला. जाळीवर चढणारांना मैदानांत घुसणारे दंगेखोर समजून आरंभीं परत लोटण्यांत आलें. तीन वाजून सहा मिनिटांनीं पंचानें खेळ थांबविला. ९६ माणसें त्या घटनेंत मृत्यु पावलीं. सर्वांत लहान होता दहा वर्षांचा मुलगा, सर्वांत वडील सदुसष्ट वर्षांचे गृहस्थ. त्या दिवशीं मेंदूला कायमची इजा झालेला एक मनुष्य २०२१ सालीं वारला, तेव्हां तो सत्त्याण्णवावा बळी ठरला.

मेले त्यांच्यावरच दोष ठेवण्यास वेळ लागला नाहीं. लोक दारू पिऊन आले, तिकिटांवांचून आले, दरवाजा त्यांनींच फोडला, असें सांगण्यांत आलें. चार दिवसांनीं मोठ्या खपाच्या एका दैनिकानें ‘सत्य’ असा मथळा देऊन, लोकांनीं प्रेतांचे खिसे कापले, हा खोटा आरोप छापला. चौकशीसाठीं नेमलेल्या न्यायमूर्ति टेलर यांनीं ऑगस्ट १९८९ च्या पहिल्या अहवालांत पोलिसांची व्यवस्था ढांसळली हेंच मुख्य कारण म्हणून सांगितलें. तथापि १९९१ सालीं कॉरोनरच्या चौकशींत ‘अपघाती मृत्यु’ असाच निर्णय झाला आणि कुजबूज चालूच राहिली.

टेलर यांचा अखेरचा अहवाल जानेवारी १९९० मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत ७६ सूचना होत्या. लोकांच्या ध्यानांत मुख्यतः एक राहिली, ती म्हणजे मोठ्या मैदानांवर सर्वांना आसनें असावीं. उभें राहणें हें मुळांतच धोक्याचें आहे असें टेलर यांनीं म्हटलें नव्हतें. उलट, तें स्वभावतः असुरक्षित नाहीं, हें त्यांनीं स्पष्ट लिहिलें होतें. परंतु आसन दिलें कीं माणसें आपोआप मोजलीं जातात, प्रत्येकाची जागा ठरते, लोट थांबतात, आणि त्याचबरोबर शिस्तहि येते, असा त्यांचा हिशेब होता. त्याकाळीं तो चूक नव्हता. त्यांनीं आणखी एक इशारा दिला होता. आसनें आलीं म्हणून दर भरमसाट वाढण्याचें कारण नाहीं. आयब्रॉक्सवर उभ्याचें तिकीट चार पौंड असतां बसण्याचें सहा पौंडांतच मिळतें, हा दाखला त्यांनीं दिला. ही सूचना मात्र क्लबांनीं मनावर घेतली नाहीं. पुढील वर्षांत दर कितीतरी पटींनीं चढले, आणि ज्या मजुराच्या पोरानें चार पैसे वांचवून टेरेस गांठावा तो पुष्कळ ठिकाणीं बाहेर राहिला. म्हणूनच उभें राहण्याची मागणी ही केवळ हौसेची मागणी नव्हती. आपल्या खेळांतून आपल्यालाच घालविलें, ही सल तिच्यामागें होती.

कायद्याप्रमाणें वरच्या दोन श्रेणींतील क्लबांना ऑगस्ट १९९४ पर्यंत सर्व टेरेस मोडावयाचे होते. ३० एप्रिल १९९४ रोजीं कॉपवर लोक शेवटचे उभे राहिले. नॉर्विचनें लिव्हरपूलला एका गोलानें हरविलें. पण लोक त्यानंतरहि बराच वेळ हालले नाहींत. त्या जागीं आलेल्या नव्या कॉपमध्यें सुमारें बारा हजार आसनें बसलीं.

यानंतर जें घडलें तें कायदा करणारांच्या कल्पनेंत नव्हतें. आसनें आलीं, पण लोक बसले नाहींत. गोलामागच्या भागांत हजारों प्रेक्षक सबंध सामना आसनापुढें उभे राहून पाहूं लागले. आसनाची पाठ पोटरी-गुडघ्याच्या उंचीची; गोल झाल्यावर उडालेल्या गोंधळांत माणूस तिच्यावरून पुढच्या रांगेंत कोसळावयाचा. म्हणजे उभें राहण्याचा धोका टाळण्यासाठीं केलेली योजना उभ्या माणसाला अडखळण्याचें साधन ठरली, आणि त्याला धरावयास कठडा मात्र उरला नाहीं.

यावरचा तोडगा जर्मनींत निघाला. तेथील क्लबांनीं स्वस्त उभ्या जागा सोडल्या नाहींत. डॉर्टमुंडच्या दक्षिण बाजूस सुमारें पंचवीस हजार माणसें आजहि उभीं राहतात. परंतु युरोपीय स्पर्धांच्या नियमाप्रमाणें त्या सामन्यांना सर्वांस आसन लागे. एकच जागा दोन्ही कामीं कशी आणावी, या अडचणींतून कठड्याचें आसन निघालें. प्रत्येक रांगेच्या पाठीशीं कमरेइतका उंच मजबूत लोखंडी कठडा असतो व घडीचें आसन त्याच्याच चौकटींत बसविलेलें असतें. तें खालीं पाडलें कीं खुर्ची. उभें करून अडकविलें कीं मागें-पुढें कठडा असलेली उभ्याची जागा. लीचचे कठडे ठिकठिकाणीं होते व त्यांमधून लोट वाहे. येथें प्रत्येक रांगेला कठडा असल्यामुळें लोट सुरूच होत नाहीं. आणि एका आसनामागें एकच माणूस घेतला तर गर्दीहि वाढत नाहीं. टेलर यांना आसनापासून जे फायदे हवे होते, ते सर्व यांत आले.

मग ही सोपी युक्ति ब्रिटनमध्यें यावयास इतकीं वर्षें कां लागावीं? कारण प्रश्न लोखंडाचा नव्हता, मनाचा होता. हिल्सबरोंत ज्यांचीं मुलें गेलीं त्या कुटुंबांपैकीं अनेकांना ‘उभें राहणें’ हा शब्दच सहन होत नसे. आणि जोंवर मेलेल्यांवर खोटा दोष होता तोंवर त्यांना तंत्राचा विचार करावयास सांगणें हें निष्ठुरपणाचें झालें असतें. १२ सप्टेंबर २०१२ रोजीं एका स्वतंत्र मंडळानें सर्व कागदपत्रें उघड केलीं. पोलिसांच्या १६४ जबान्यांत मोठे फेरफार केलेले आढळले; त्यांपैकीं ११६ मधून पोलिसांस प्रतिकूल मजकूर गाळण्यांत आला होता. जुना निर्णय रद्द झाला. २६ एप्रिल २०१६ रोजीं, घटनेनंतर सत्तावीस वर्षांनीं, नव्या ज्यूरीनें ९६ जणांचा मृत्यु बेकायदा कृतीनें घडला व त्यांत प्रेक्षकांच्या वर्तनाचा कांहीं दोष नव्हता, असा निर्णय दिला.

हा कलंक धुऊन निघाल्यावर पुढचा विचार मोकळेपणें होऊं लागला. २०१६ च्या जुलैंत ग्लासगोच्या सेल्टिक क्लबानें कठड्याच्या आसनांचा भाग उघडला. स्कॉटलंडला इंग्लंडचा कायदा लागू नव्हता. २०१७ सालीं लिव्हरपूलच्या समर्थक-संघटनेनें मतदान घेतलें, त्यांत सुमारें ८८ टक्के लोकांनीं या आसनांच्या बाजूनें कौल दिला. कांहीं कुटुंबांचा विरोध तरीहि राहिला आणि त्याचा मान राखूनच चर्चा झाली. २०१८ सालीं श्रूझबरी या लहान क्लबानें लोकवर्गणी जमवून ५५५ अशीं आसनें बसविलीं. त्याच वर्षीं लाखाहून अधिक सह्यांच्या अर्जावर पार्लमेंटांत वाद झाला. १ जानेवारी २०२२ पासून पांच क्लबांना प्रयोगादाखल परवानगी मिळाली आणि दुसऱ्याच दिवशीं चेल्सीच्या मैदानावर पहिला सामना झाला. विजेच्या कुंपणाची कल्पना निघाली तें हेंच मैदान, आणि त्या दिवशींचा पाहुणा संघ लिव्हरपूल. त्याच वर्षाच्या नव्या हंगामापासून अटी पाळणाऱ्या सर्व क्लबांना ही वाट मोकळी झाली. एका तिकिटाला एकच जागा, ज्याला बसावयाचें असेल त्याला बसण्याची सोय, आणि मागच्याच्या दृष्टीआड न येणें, या त्या अटींतील मुख्य गोष्टी होत.

जुना टेरेस परत आलेला नाहीं, आणि येऊंहि नये. पंचवीस-तीस हजारांचा तो लोट गेला तो कायमचाच. परत आली ती दुसरी वस्तु. प्रेक्षकाला उभें राहूं द्यावें आणि त्याच्या हाताशीं कांहीं भक्कम असावें, ही लीचची अपुरी राहिलेली कल्पना. हिल्सबरोंत माणसें उभीं होतीं म्हणून मेलीं नाहींत. तीं मोजलीं गेलीं नव्हतीं, त्यांच्यापुढें जाळी होती, आणि तीं ओरडत असतां तें ओरडणें दंग्याचें आहे असें समजण्यांत आलें. खुर्ची आणि कठडा हीं दोन्ही साधनेंच होत. गर्दींतला प्रत्येक जण एक माणूस आहे, त्याला घरीं परत जावयाचें आहे, हें व्यवस्था पाहणाराच्या ध्यानांत असलें तरच तीं उपयोगी पडतात. अॅनफील्डवरील कॉपवर २०२१ सालीं असे कठडे बसले. सत्त्याण्णव नांवांचें स्मारक त्याच मैदानाच्या भिंतीशीं आहे.